कडेवरचा भाऊ

एकोणिसाव्या वर्षी मी सत्तावीस लेकरांची बाई झाले आणि गावात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही असा माझा पक्का समज झाला. नेमणूक तशी दगडापेक्षा वीट मऊ यातलीच होती. गावात अंगणवाडी मंजूर झाली, सेविका गावातलीच हवी आणि दहावी शिकलेली हवी असं वरून आलं, आणि दहावी झालेली मुलगी गावात मी एकटीच. तीही गणितात काठावर. पण हे मी कोणाला सांगत नसे. फुलसावंगीच्या बाजारातून बाबांनी घेऊन दिलेली नवी छत्री, काखेत हजेरीचं रजिस्टर, आणि रस्त्यानं चालताना मान अशी ताठ की समोरची म्हैस बाजूला होईल. आज त्या मुलीचा चेहरा आठवला की मला हसू येतं, आणि थोडी भीतीही वाटते, कारण अशी नवी नवी शहाणी माणसं लेकरांच्या फार जवळ सोडायची नसतात.

आमचं घर नाल्याच्या अलीकडे, गावाच्या अगदी टोकाला. पलीकडच्या उतारावर बंजाऱ्यांचा तांडा. सकाळी आमच्या चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, तडतडू लागल्या की तिकडचाही धूर वर चढताना दिसायचा. माय भाकरी थापायची तो आवाज माझ्या झोपेत शिरायचा आणि मी मुद्दाम दोन भाकरी उशिरा उठायची. ताव्यावरची भाकर, वर तेलात कालवलेला लाल ठेचा, हिवाळ्यात चुलीत भाजलेलं वांगं. एवढं पोटात गेलं की मी छत्री उचलायची, ऊन असो नसो. बाबा तेव्हा बैलांपुढे कडबा टाकत असायचे. त्यांची कपाशी गावात नावाजलेली आणि त्यांची जीभही. "निंगाली का मास्तरीन?" ते बैलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. "आमच्या मायनं आठ लेकरं राखले, तिले कोनी छत्री नाही देली." मी चिडायची. लेकरं राखणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे मी त्यांना पुस्तकी शब्दांत सांगायची. प्रशिक्षणात ऐकलेले सगळे शब्द मला तेव्हा पाठ होते. बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं बाई. मंग आता जाय, तुह्ये शिकाऊ नाक पुसाची वाट पाहून राह्यले असतीन."

त्यांचं खोटं नव्हतं. अंगणवाडी म्हणजे ग्रामपंचायतीची मागची खोली, पुढे लांबरुंद ओटा. खोलीत आधी बियाण्याच्या थैल्या ठेवत, त्यामुळे पहिले काही महिने लेकरांच्या कपड्यांना औषधाचा वास यायचा. सत्तावीस नाकं, सत्तावीस चड्ड्यांच्या नाड्या, आणि रडण्याचे इतके प्रकार की मी चार दिवसांत कोण कशासाठी रडतंय हे पाठमोरी ओळखू लागले. गाणी मीच जुळवायची. "टोपलीत टोपली, माऊ कुठं झोपली" असं म्हणत लहान टोपली मोठीत घालायची, तिच्यापेक्षा मोठीत ती घालायची, आणि लेकरं टाळ्या वाजवायची. सुकडीच्या वेळी खोलीत एकदम शांतता व्हायची. ती गोड भाजलेली पूड मुठीनं तोंडात कोंबताना कोणालाच बोलता यायचं नाही. ती पाच मिनिटं माझी.

त्या सुकडीच्या वेळेला दारात झमकू यायची.

झमकू तांड्यावरची, पाच वर्षांची. तिच्या डाव्या कडेवर सव्वा वर्षाचा भाऊ, रामधन. तो अंगानं चांगला भरलेला आणि ती काडीसारखी, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटावं की भाऊच चालतोय आणि खाली दोन पाय कोणाचे तरी उसने घेतलेत. त्यांची याडी धरमीबाई, म्हणजे त्यांची आई, दिवस उगवायला लोकांच्या वावरात कामाला जायची. बाप ऊसतोडीला, उसाच्या पट्ट्यात. घरात दुसरं मोठं कोणी नाही. झमकू दारात उभी राहायची, तिच्या वाटणीची सुकडी भावाला भरवायची, बोटाला चिकटलेली स्वतः चाटायची आणि उभीच राहायची. आत ये म्हटलं तर यायची, पण बसायची नाही. बसली की रामधन कडेवरून सुटायचा, आणि सुटला की तक्त्यांवर, टोपल्यांवर, दुसऱ्यांच्या ताटल्यांवर जाऊन पडायचा. एकदा त्यानं हजेरीच्या रजिस्टरावर मुतून ठेवलं. त्या दिवशी मी माझी सगळी दहावी एकवटून तिला सांगितलं, "उद्यापासून भावाला घरी ठेवून यायचं. अंगणवाडी तीन वर्षांपासून पुढच्यांची आहे. नियम आहे." तिनं रामधनला कडेवर वर सरकवलं. मग वळली आणि नाला ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी रजिस्टरात तिच्या नावापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, "बोलत नाही. एका जागी बसत नाही. अनियमित." तीन वाक्यं, तिन्ही खरी, आणि तिन्ही मिळून एक मोठं खोटं, हे कळायला मला अजून पंधरा दिवस लागणार होते.

शाळेचे गुरुजी शहाणे माणूस होते, पण त्यांच्या पहिलीत पन्नास पोरं. ते मला म्हणाले, "जी लेकरं तुमच्याकडे वर्षभर बसली ती माझ्याकडे टिकतात. जी थेट येतात ती दिवाळीपर्यंत पळतात. त्या झमकूचं नाव मी घालीन, पण ती राहणार नाही बघा." ते ऐकून मी संध्याकाळी छत्री घेऊन तांड्यावर गेले. धरमीबाई चुलीपुढे होती. झमकू बाजूला, कडेवर रामधन. मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, या वयात लेकराचा मेंदू किती वाढतो ते सांगितलं. धरमीबाईनं पूर्ण ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि म्हणाली, "बाई, तुमचं सारं खरं हाये. आता मले हे सांगा, थे तुमच्याकडं बसली तं याले कोन पाहीन? तुमी?" मी चहा प्यायले. "एक साल थांबा," ती म्हणाली. पण तिचं पोट दिसत होतं. पुढच्या साली झमकूच्या कडेवर दुसरं असणार होतं, आणि त्याच्या पुढच्या साली ती पहिलीच्या वयाचीही राहणार नव्हती. परत येताना नाल्यात माझी चप्पल रुतली आणि मी ती काढत बसले, रडत. हे मी घरी सांगितलं नाही.

पण बाबांपासून काही लपत नसे. जेवताना ते आपण होऊन बोलले, माझ्याकडे न बघता, भाकरीकडे बघत. "पराटीचं सांगतो तुले. पेरल्यावर पयल्या महिन्यात जे निंदलं थे निंदलं. तवा गवत राह्यलं आन् मंग पोळ्याले कितीही खत टाक, झाड उभं राह्यते पन बोंडं नाही धरत. समजलं काय?" मी म्हटलं, हेच तर मी रोज तुम्हाला सांगते. "तू सांगतं," बाबा म्हणाले, "पन लय लंबं करून सांगतं."

त्याच आठवड्यात आमच्या वावरात सीतादही होतं. आमच्याकडे कपाशीची पहिली वेचणी सुरू करण्याआधी वावरात पूजा करतात, ती सीतादही. कपाशीच्या एका झाडाला हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, चार दिशांना दहीभाताच्या मुठी उधळायच्या, की वावर असंच पांढरं होऊ दे. मग वेचणाऱ्या सगळ्या बायांनी तिथंच दहीभात खायचा आणि कामाला लागायचं. दुपारी गावात एक बाई उरत नाही. लेकरं अंगणवाडीतून सुटल्यावर कोणाच्या घरी जाणार? मी डोकं चालवलं. खोलीला कुलूप लावलं, दारावर खडूनं लिहिलं, "आज सीतादही. अंगणवाडी वावरात," आणि झमकू सोडून उरलेल्या सव्वीस लेकरांना एकमेकांचे सदरे धरायला लावून निघाले. आमच्या गावात कोणीही ते वाचून "बरं" म्हणालं असतं. तांड्याजवळून जाताना झमकू आमच्या रांगेच्या शेवटाला लागली. कडेवर रामधन. नियम खोलीचा होता, वावराचा नव्हता, अशी मीच मनात पळवाट काढली.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनं बाभळीचं झाड आणि त्याच्या शेजारी कडुनिंब. वेचणाऱ्या बायांची तान्ही तिथं लुगड्याच्या झोळ्यांत टांगलेली. त्यांच्यापाशी मथुराबाई. मथुराबाई आमच्या गल्लीतली जुनी वेचणारी, पण बोंडांची टोकं टोचून टोचून तिची बोटं आखडलेली, आता तिला वेचता येत नसे. म्हणून बायांनी तिला लेकरांपाशी बसवायची रीत पाडली होती. संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्या गाठोड्यातला दोन ओंजळी कापूस तिच्या फडक्यात टाकायचा. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि बघूनही मला कधी काही दिसलं नव्हतं.

मथुराबाईनं झमकूकडे हात पसरले. "दे व इकडं. केवढा धोंडा घेऊन फिरून राह्यली." झमकू मागे सरली. त्या दिवशी आमच्याकडे वेचणीला आलेल्या धरमीबाईनं कपाशीतूनच आवाज दिला तेव्हा कुठं तिनं त्याला सोडलं. मथुराबाईनं रामधनला झोळीत टाकलं, दोन झोके दिले, आणि दहीभातानं जड झालेला तो गडी घोरायला लागला. झमकू तिथंच उभी. डावी कड बाहेर काढून, अंग उजवीकडे कलतं, डावा हात गोल, जसा भाऊ अजून तिथंच आहे. किती वेळ ती तशी उभी होती. लेकराचं हाड कोवळं असतं, ते ज्या ओझ्याखाली वाढतं त्याचा आकार घेतं, हे मला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीची लेकरं गळलेली हिरवी बोंडं गोळा करून लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावत होती. टोपल्यांचा खेळ तोच, फक्त सामान वावरातलं. झमकू हळूच तिथं गेली. रांगेतलं एक बोंड उचललं, दोन जागा मागे ठेवलं. बरोबर ठेवलं.

आणि नेमकं तेव्हा धुऱ्यावरून सुपरवायझर मॅडम आल्या. आधी कळवलेलं नाही. उमरखेडच्या गाडीनं फाट्यावर उतरून, तिथून पायी, साडीच्या काठाला कुत्र्याकाट्या चिकटलेल्या. त्या सांगलीकडच्या, बदलीवर आलेल्या. माझ्या हातातला दहीभात हातातच राहिला.

"अंगणवाडीला कुलूप आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"दारावर काहीतरी दह्याचं लिहिलंय. म्हणजे सुट्टी दिली तुम्ही? कोणाला विचारून?"

बाबा पुढे झाले. धोतराला हात पुसत म्हणाले, "सुट्टी कायची मॅडम. मोजून घ्या, सत्तावीसच्या सत्तावीस हायेत, एक जास्तीचाच भरन. बसा, दोन घास खा."

"मी तपासणीला आले आहे."

"तपासा ना. पन उपाशी पोटी तपासलं तं सारंच वाईट दिसते."

मॅडमना हसायचं नव्हतं, पण ओठ हलले. त्या बसल्या, माझ्या काखेतलं रजिस्टर मागून घेऊन चाळू लागल्या. मायनं पळसाच्या पानावर दहीभात वाढला, वर लिंबाचं लोणचं. तीन घास झाल्यावर त्यांनी लेकरांना विचारलं, "त्या झाडाला झोळ्या किती आहेत, कोण सांगेल?" आमचे गावचे वीर एका दमात ओरडले. कोणी दहा म्हणालं, कोणी शंभर. झमकू उठली. एकेका झोळीपाशी गेली, प्रत्येकीला हात लावला, आणि तिच्या बोलीत, पण खणखणीत, मोजलं. "एक. दी. तीन. चार. पांच." पाचव्या झोळीत वाकून बघितलं, निसटलेलं फडकं आत खोचलं, आणि वळून मॅडमना म्हणाली, "ई मारो भिया छ."

म्हणजे, हा माझा भाऊ आहे. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "ही तीच का? बोलत नाही, लिहिलंय तुम्ही?" मी मान खाली घातली. एकोणीस वर्षं मी त्या तांड्याच्या समोर राहिले होते, त्यांचा धूर बघत होते, आणि त्या लेकराला कधी तिच्या बोलीत एक शब्द विचारला नव्हता. माझी मराठी तिला परकी, म्हणून मी तिला मुकी ठरवून मोकळी झाले होते.

जेवणं झाल्यावर लेकरं धुऱ्यावर शिवाशिवी खेळायला लागली. झमकू आधी बघत होती. मग पळाली. चार पावलांवर पडली, कारण डावीकडे वजन असेल अशा बेतानं तिनं झोक घेतला होता आणि वजन नव्हतं. उठली, पुन्हा पळाली, पुन्हा पडली, आणि मग तिला ते जमलं. परकर गुडघ्यावर धरून ती त्या धुऱ्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, तोंड उघडं, हसत, आवाज न करता. धरमीबाई कपाशीच्या तासात, दोन ओळींच्या मधे उभी होती, कमरेला ओटी, हातात कापूस. तिचा हात थांबला होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाई, माही पोरगी पळते. मले मालूमच नव्हतं."

पुढचं सगळं त्या एका वाक्यानंतर सोपं झालं. मी मॅडमना विचारलं, अगदी बारीक आवाजात, की तीन वर्षांच्या आतलं लेकरू खोलीत बसवायचं नाही हे खरं, पण ओट्यावर झोळी टांगली तर? मथुराबाई बसेल. मॅडमनी पानावरचं लोणचं संपवलं, विचार केला. "खोलीचं लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "ओट्याचं काही लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही." मग भेटीच्या वहीत त्यांनी लिहिलं, "अंगणवाडी भरलेली होती. ठिकाण: शेत." बाबांनी दुसऱ्या दिवशी बैलाचा जुना कासरा आणला, ओट्याच्या लाकडी आढ्याला आपल्या हातानं गाठ मारली, स्वतः लोंबकळून पाहिली, आणि म्हणाले, "बैल नाही तोडू शकला, तुहे पोट्टे काय तोडतीन." मथुराबाईच्या फडक्यात बाया वेचणीत कापूस टाकत, वेचणी संपल्यावर घरटी ओंजळभर ज्वारी. वर्ष संपेपर्यंत ओट्यावर चार झोळ्या झाल्या आणि खोलीत तांड्यावरची सहा नवी लेकरं. एक ते दहा आम्ही दोन्ही बोलींत म्हणायला लागलो. गावातली पोरं घरी जाऊन "दी" म्हणायची आणि त्यांच्या आया मला येऊन विचारायच्या, "काहून व इमल, हे काय शिकवून राह्यली?"

रजिस्टरातल्या त्या तीन वाक्यांवर मी खोडरबर फिरवलं, पण मी शाईनं लिहिलं होतं. कागद फाटला. तिथं आज भोक आहे. रजिस्टर अजून माझ्याकडे आहे, निवृत्त होताना मी ते परत केलं नाही, हा एवढा एक गैरव्यवहार मी केला.

आता माझा नातू यवतमाळला गळ्यात टाय बांधून नर्सरीत जातो. तीन वर्षांचा आहे, आणि त्याला घरचा अभ्यास आहे. मी त्याच्यापुढे सरकी ओतते आणि म्हणते, मोठी एकीकडे कर, लहान एकीकडे. सुनेला वाटतं म्हातारी खेळवतेय. बाबांना वाटायचं तेच. मी काही बोलत नाही. फार लांबण लावते, असं मला एकदा सांगितलेलं आहे.

गेल्या सीतादहीला झमकू आली होती. ती एसटीत कंडक्टर आहे, उमरखेडच्या बाजूला. गर्दीच्या गाडीत दिवसभर उभी. माझ्या दारात उभी राहिली तीही तशीच, डावी कड बाहेर, त्या कडेवर आता तिकिटाचं मशीन. मी म्हटलं, "झमकू, सरळ उभी राह्य व." ती हसली. डबा उघडून दहीभात काढला, आणि खाता खाता सहज म्हणाली, "बाई, तुमाले एक सांगू? तुमी म्हनलं होतं, भावाले घरी ठेवून ये. मी गेलती ठेवाले. त्याले कणगीत बसवलं, वर सूप झाकलं, आन् पळत आली. तुमी तवा दार लावून घेतलं होतं. आतून टोपलीचं गानं ऐकू येत होतं. मंग नाल्यापलीकडून त्याचा रडाचा आवाज आला तं मी वापस गेली." ती हे हसत हसत सांगत होती, कणगीत बसलेल्या रामधनचा चेहरा करून दाखवत होती. इतक्या वर्षांत तिनं हे कधी काढलं नव्हतं. ती आली होती. मी सांगितलं तसं करून आली होती.

"रामधन कुठं आहे?" मी विचारलं.

"बाहेर हाये की. त्याच्याच गाडीवर आली."

मी गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि दारापाशी गेले. पंचेचाळिशीकडे आलेला, पोट सुटलेला, टक्कल पडलेला गडी मोटरसायकलला टेकून उभा होता. मला बघून त्यानं हात जोडले, म्हणाला, "राहू द्या बाई, मी इथंच बरा हाये. चपला चिखलाच्या हायेत."

"चपला राहू दे," मी म्हटलं. "तुला एकदा बाहेर ठेवलंय मी. ये. आत ये."